नथुराम : आरोपीच्या पिंजऱ्यातून पडद्यावर

30 जानेवारी 2022 रोजी, म्हणजे ऐन गांधीजींच्या पुण्यतिथीला, ‘व्हाय आय किल्ड गांधी’ हा चित्रपट लाइमलाइट या ओटीटीवर प्रदर्शित झाला. छोट्या पडद्यावर शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज साकारून घराघरांत पोचलेले डॉ. अमोल कोल्हे त्यात नथुराम गोडसे झाले होते. चित्रीकरण 2017 सालचे. मधल्या काळात कोल्हे राष्ट्रवादी काँग्रेसचे शिरूरचे खासदार झाले होते, त्यामुळे वाद पेटला. पक्षातूनच जितेंद्र आव्हाड यांनी विरोध केला, शरद पवारांनी कलावंत म्हणून कोल्हे यांची बाजू घेतली, आणि शेवटी कोल्हे यांनी आळंदीला गांधीजींच्या स्मृतिस्थळी जाऊन आत्मक्लेश केला. नटाने कोणती भूमिका करावी आणि कोणती करू नये, यावर आठवडाभर चर्चा झाली. ही भूमिका आली कुठून, ती कुणी लिहिली, याची चौकशी मात्र फारशी कुणी केली नाही.

त्या भूमिकेची पहिली संहिता खुद्द मारेकऱ्यानेच लिहिली होती. लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे गांधीहत्येचा खटला चालू असताना 8 नोव्हेंबर 1948 रोजी नथुरामने आपले लांबलचक लेखी निवेदन काही तास वाचून दाखवले. आपण हे कृत्य का केले, याचे त्याने स्वतःच दिलेले ते स्पष्टीकरण होते. फाळणी, मुस्लिमांचे लांगूलचालन आणि पाकिस्तानला द्यायचे 55 कोटी रुपये ही त्यातली प्रमुख कारणे. 10 फेब्रुवारी 1949 ला निकाल लागला. नथुराम आणि त्याचा साथीदार नारायण आपटे यांना फाशीची शिक्षा झाली, सहआरोपी सावरकर निर्दोष सुटले. पुढे सिमल्याला पंजाब उच्च न्यायालयात अपील चालले. तिथे नथुरामने खुनाच्या शिक्षेला आव्हान दिले नाही, फक्त कटाचा आरोप नाकारला. वकील न घेता त्याने स्वतःच युक्तिवाद केला. हा कट नाही, एकट्या माणसाच्या सदसद्विवेकाची गोष्ट आहे, हे त्याला जगापुढे मांडायचे होते. पुढच्या सगळ्या नाटक-चित्रपटांचा सांगाडा इथे तयार झाला.

त्याचा पहिला परिणामही त्याच न्यायालयात दिसला. अपील ऐकणाऱ्या तिघा न्यायमूर्तींपैकी एक, गो. दा. खोसला, यांनी 1963 मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. नथुरामचे भाषण संपले तेव्हा श्रोते हेलावले होते, स्त्रियांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि त्या श्रोत्यांनाच ज्युरी म्हणून बसवले असते तर त्यांनी त्याला मोठ्या बहुमताने निर्दोष ठरवले असते, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. एकट्याने उभे राहून, मरणाच्या दारात, स्वच्छ आवाजात बोलणारा माणूस रंगमंचावर नेहमीच प्रेक्षकाला खेचतो. समोर मेलेला माणूस बोलायला उरलेला नसतो. हे असमान पारडे पुढे प्रत्येक कलाकृतीने वारशात घेतले.

15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम आणि आपटे यांना फाशी झाली. निवेदनाच्या प्रसिद्धीवर सरकारने बंदी घातली. इकडे महाराष्ट्रात या हत्येची वेगळी किंमत मोजली गेली होती. नथुराम ब्राह्मण होता म्हणून फेब्रुवारी 1948 मध्ये पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या आगीत कोल्हापूरचा भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही सापडला. पिढ्यानपिढ्यांची घरे सोडून माणसे शहरांत आली आणि कितीतरी घरांत हा विषय कुजबुजत बोलायचा झाला. ज्या गोष्टीवर मोकळेपणी बोलता येत नाही तिच्याभोवती दंतकथा साचते. नथुरामच्या बाबतीत मराठी मुलखात हेच घडले.

बंदी आपल्याकडे होती, म्हणून पहिला चित्रपट परदेशातून आला. अमेरिकन इतिहासकार स्टॅन्ले वोल्पर्ट यांच्या ‘नाइन अवर्स टू रामा’ या कादंबरीवर मार्क रॉब्सन यांनी 1963 मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. बराचसा भारतातच चित्रित झाला. जर्मन नट होर्स्ट बुखहोल्ट्स नथुराम झाला, आणि गांधीजींची भूमिका जे. एस. कश्यप यांनी केली. हत्येआधीचे नऊ तास, मध्ये मध्ये मारेकऱ्याचे बालपण आणि त्यात घुसडलेल्या काल्पनिक प्रेमकथा, असा त्याचा घाट. भारत सरकारने कादंबरी आणि चित्रपट दोन्हींवर बंदी घातली. पण मारेकऱ्याला नायकाच्या जागी बसवून त्याचे मन उलगडायचे ही रीत या चित्रपटाने घालून दिली.

ऑक्टोबर 1964 मध्ये या खटल्यात जन्मठेप झालेले नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल पाहवा सुटले. नोव्हेंबरमध्ये पुण्यात त्यांच्या स्वागताचा कार्यक्रम झाला. लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी तिथे सांगितले, की नथुरामचा बेत आपल्याला आधीपासून माहीत होता. संसदेत गदारोळ झाला आणि त्यातून न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोग आला. आयोगाने 1969 मध्ये अहवाल दिला. दरम्यान गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ हे पुस्तक 1967 मध्ये निघाले. सरकारने ते जप्त केले. मुंबई उच्च न्यायालयाने 1969 मध्ये ती जप्ती रद्द केली. म्हणजे एकाच वर्षी दोन कागद पुढे आले. एकात भावाच्या नजरेतून दिसणारा मारेकरी होता, दुसऱ्यात साक्षीपुराव्यांच्या आधारे कटाची चौकशी होती. पहिला हातोहात खपला. दुसरा अहवाल म्हणूनच राहिला, आणि त्याच्यावर नाटक लिहावे असे फारशा कुणाला वाटले नाही.

1982 च्या रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’त मारेकरी येतो तो सुरुवातीला आणि शेवटी, काही क्षणांपुरता. हर्ष नय्यर या नटाने ती भूमिका केली. मारेकऱ्याला बोलूच न देण्याचा हा निर्णय त्या काळाला साजेसा होता. तो पुढे टिकला नाही. प्रदीप दळवी यांचे ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ हे नाटक जुलै 1998 मध्ये रंगभूमीवर आले. दिग्दर्शक विनय आपटे आणि नथुरामच्या भूमिकेत शरद पोंक्षे. थोड्याच दिवसांत शिवसेना-भाजप युतीच्या राज्य सरकारने प्रयोग थांबवले. 2001 मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर नाटकाने वर्षानुवर्षे गर्दी खेचली. शीर्षकातला ‘बोलतोय’ हा शब्द लाल किल्ल्यातल्या निवेदनाशी थेट नाते सांगतो. कमल हासन यांनी 2000 मध्ये ‘हे राम’मध्ये वेगळी वाट धरली. 1946 च्या कलकत्त्याच्या दंगलीत बायको गमावलेला, गांधीजींना मारायला निघालेला आणि शेवटी हात मागे घेणारा काल्पनिक साकेत राम त्यांनी उभा केला. त्यात मारेकऱ्याच्या मनाची जेवढी झाडाझडती आहे तेवढी नथुरामच्या नावाने निघालेल्या कलाकृतींत मिळत नाही.

26 जानेवारी 2023 ला राजकुमार संतोषी यांचा ‘गांधी गोडसे – एक युद्ध’ आला. असगर वजाहत यांच्या नाटकावर तो बेतलेला. यात गांधीजी गोळ्यांतून वाचतात आणि तुरुंगात गोडसेला भेटतात. नथुरामच्या भूमिकेत चिन्मय मांडलेकर, गांधीजींच्या भूमिकेत दीपक अंतानी. कल्पना अनेकांना धाडसी वाटली. पण असा संवाद घडवण्याचा खरा प्रयत्न 1949 मध्ये झाला होता, आणि त्याचा एक धागा वर्ध्याला जोडलेला होता. गांधीजींचे नागपूरला राहणारे चिरंजीव रामदास यांनी तुरुंगातल्या नथुरामला पत्र लिहिले, त्याचे उत्तर आले. विनोबा भावे आणि किशोरलाल मश्रुवाला यांना बरोबर घेऊन त्याला भेटावे, त्याच्याशी बोलून पाहावे, असे रामदास यांना वाटत होते. पवनारच्या परंधाम आश्रमातले विनोबा आणि ‘हरिजन’चे संपादक मश्रुवाला, दोघेही वर्ध्याच्या परिसरातले. ती भेट होऊ दिली गेली नाही. रामदास आणि मणिलाल या भावांनी फाशी माफ करावी अशी विनंती केली, तीही मान्य झाली नाही. बापाच्या मारेकऱ्याशी बोलायला निघालेला मुलगा आणि त्याच्या सोबतीला विनोबा, यापेक्षा मोठा प्रसंग कोणता लेखक कल्पनेने रचणार?

आता या वंशावळीत सर्वांत जास्त गाळले गेलेले पान उघडू. तेही वर्धा जिल्ह्यातलेच आहे.

सप्टेंबर 1944. गांधीजी सेवाग्रामहून मुंबईला जिनांशी बोलणी करायला निघणार होते. ती बोलणी होऊ नयेत म्हणून निदर्शकांची एक तुकडी आश्रमाच्या दाराशी आली. ल. ग. थत्ते त्यांचे म्होरके होते. निघण्याच्या दिवशी पोलीस अधिकाऱ्याने आश्रमात कळवले, की हे लोक काही आगळीक करण्याच्या बेतात आहेत, मला कारवाई करावी लागेल. पंचाहत्तरीला टेकलेल्या गांधीजींनी ठरवले, की आपण एकटेच त्यांच्यात जाऊ, त्यांच्याबरोबर वर्ध्यापर्यंत पायी चालू, आणि त्यांनी स्वतःहून म्हटले तरच मोटारीत बसू. सेवाग्राम ते वर्धा सुमारे आठ किलोमीटर. ते पाऊल टाकण्याआधीच पोलिसांनी निदर्शकांना अटक केली. झडतीत थत्ते यांच्याजवळ सुरा सापडला. तो मोटारीचे टायर फोडण्यासाठी होता, असा खुलासा झाला. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांनी हा प्रसंग उदारमतवादी नेते सर तेजबहादूर सप्रू यांना पत्राने कळवला. गांधींना मारायचे काम पुढाऱ्यांवर का सोपवत नाही, असे अटकेच्या वेळी एका पोलीस अधिकाऱ्याने चेष्टेने विचारले, तेव्हा गांधींना मारण्यासाठी पुढारी कशाला हवेत, त्या कामाला हा जमादार पुरेसा आहे, अशा अर्थाचे उत्तर म्होरक्याने एका साथीदाराकडे बोट दाखवून दिले, असे त्यात आहे. तो जमादार म्हणजे नथुराम विनायक गोडसे, असे प्यारेलाल यांनी पुढे आपल्या ग्रंथात लिहिले. कपूर आयोगापुढेही हे प्रकरण आले.

या प्रसंगाची तारीख पाहा. सप्टेंबर 1944 मध्ये फाळणीचा निर्णय झालेला नव्हता. फाळणीची योजना 3 जून 1947 ला जाहीर झाली. पाकिस्तान नव्हते, त्यामुळे 55 कोटींचा प्रश्नच नव्हता. ते पैसे द्यायचा निर्णय 15 जानेवारी 1948 चा. निर्वासितांच्या छावण्या नव्हत्या. आणि तरीही आश्रमाच्या दाराशी सुरा होता आणि मारण्याची भाषाही होती. मग 55 कोटींना हत्येचे कारण म्हणून पडद्यावर मांडताना, त्याच्या तीन वर्षांहून अधिक आधी सेवाग्रामला काय घडले होते, हे सांगायला नको का? नथुरामचे निवेदन आरोपीचा बचाव आहे. बचाव म्हणून ते ऐकून घ्यायला हरकत नाही. आपल्या नाटक-चित्रपटांनी मात्र बचावाच्या निवेदनाला पटकथा मानले आणि साक्षीपुरावे बाजूला ठेवले. राजकारणाची दिशा वळवण्यासाठी, दहशत बसवण्यासाठी, प्रार्थनेला निघालेल्या निःशस्त्र माणसाला तीन गोळ्या घालणे हा दहशतवादच आहे. त्याला एका संतापलेल्या माणसाची शोकांतिका म्हणून सादर केले, की कट दिसेनासा होतो.

मारेकऱ्याच्या समोरची बाजू कळण्यासाठीही सेवाग्रामचा आश्रम नीट पाहायला हवा. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले आणि ऑगस्ट 1946 मध्ये तिथून निघाले, ते परत येऊ शकले नाहीत. फेब्रुवारी 1948 मध्ये ते येणार होते, रचनात्मक कार्यकर्त्यांची परिषद ठरली होती. ती परिषद मार्चमध्ये त्यांच्याविना भरली. नेहरू, राजेंद्रप्रसाद, आझाद, विनोबा सगळे होते. याच आश्रमात कुष्ठरोगाने जर्जर झालेल्या संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना गांधीजींनी ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांची मालिश केली. गांधीहत्येच्या खटल्यातल्या ग्वाल्हेरच्या एका आरोपीचे आडनावही परचुरेच होते, पुढे अपिलात ते निर्दोष सुटले. एका आडनावाची दोन माणसे, आणि त्यांच्या दोन वाटा: नाटककाराला याहून अधिक काय हवे? पण ही वाट कुणी चालत नाही, कारण सेवेत गोळीबार नसतो.

नथुरामवर चित्रपट काढू नये, असे मला अजिबात वाटत नाही. बंद्यांनी त्याला मोठे केले, हे गेल्या 75 वर्षांत दिसलेच आहे. मारेकऱ्याचे मन समजून घेणे कलेचे कामच आहे. पण त्यासाठी त्याने स्वतः लिहिलेली संहिता वापरणे पुरेसे नाही. यानंतर जो कुणी मराठी लेखक-दिग्दर्शक नथुरामवर काम करायला बसेल, त्याला माझी विनंती आहे. लाल किल्ल्यातले निवेदन अवश्य वाचा, पण त्याआधी कपूर आयोगाचा अहवाल वाचा आणि पहिला प्रसंग सप्टेंबर 1944 च्या सेवाग्रामपासून सुरू करा. मग प्रेक्षकाला कळेल, की 55 कोटी ही नंतर शोधलेली सबब होती आणि सुरा आधीच तयार होता.