पाणी न धरणारे मडके

१/५
संग्राहकाच्या कपाटातले काळे, आरशासारखे चकाकणारे मडके उलटे केले, की तळाशी सही दिसते. न्यू मेक्सिकोतील प्वेब्लो लोकांच्या मातीकामात ही सही कशी आली?

२/५
पिढ्यान्‌पिढ्या तेथील स्त्रिया चाकाविना, मातीच्या वळ्या एकावर एक रचून पाण्या-धान्याची भांडी घडवीत. १८८० मध्ये रेल्वे सांता फेला पोहोचली. तिच्यासोबत धातूची स्वस्त भांडी आली आणि हौशी प्रवासीही. घरातली घागर मागे पडली. शोभेच्या मडक्याला मात्र गिऱ्हाईक मिळाले.

३/५
सान इल्देफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ भांडी घडवून दगडाने घोटीत. पती हुलियान त्यांवर नक्षी काढीत. १९२० च्या सुमारास दोघांनी काळ्यावर काळी नक्षी साधली. जळती भट्टी शेणाच्या भुकटीने कोंडली, की हवेअभावी लाल मातीही काळी पडते. मंद आचेची ही भांडी पाणी धरीत नाहीत. ती केवळ पाहण्यासाठी.

४/५
सही ही परंपरा नव्हे. ती ग्राहकांची मागणी. प्रथम ‘मारी’, पुढे ‘मारी आणि हुलियान’. १९४३ मध्ये हुलियान निवर्तल्यावर सून सांतानाचे नाव जोडले गेले. म्हणूनच सहीवरून मडक्याचा काळ ओळखता येतो.

५/५
परंतु त्याआधीच्या असंख्य कुंभारणींची नावे कोठेच नाहीत. संग्रहालयात सही नसलेली घागर दिसली, तर तिच्या तळाची झीज निरखून पाहा. कुणाच्या तरी घरात ती रोज उचलली, रोज ठेवली गेली होती.