हार्ड की सॉफ्ट? एनएफएसच्या थांबण्याचा इतिहास

सर्व्हर ठाण्याच्या लॅबमध्ये, तुम्ही डोंबिवलीत. नेट गेलं आणि टर्मिनल गोठलं. चिडू नका, यामागे इतिहास आहे. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला ज्या सन मायक्रोसिस्टिम्सचे सहसंस्थापक, तिने 1984 मध्ये एनएफएस आणलं. सर्व्हरने क्लायंटचं काही लक्षात ठेवायचं नाही. उत्तर आलं नाही तर क्लायंटनेच पुन्हा विचारायचं. विचारत राहणं म्हणजे हार्ड माउंट. सॉफ्टमध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर एरर येते. प्रोग्रामने ती तपासली नाही, तर फाइल अर्धवट राहते आणि प्रबंधातला आकडा गुपचूप चुकतो.

लिनक्सवर टाइमिओ 600 म्हणजे 60 सेकंद, कारण एकक सेकंदाचा दहावा भाग. फाइलची माहिती कॅशमध्ये साधारण 3 ते 60 सेकंद राहते. सहकाऱ्याने केलेला बदल लगेच दिसला नाही, तर आधी हे आठवा. डेटा लिहिताय? मग हार्डच ठेवा.