पॉइसन, दांडेकर आणि येरमाळ्याचं सोयाबीन

यंदा किती दावे येतील? विमा कंपनीचा धंदा या एका प्रश्नावर उभा असतो. त्याचं नेहमीचं उत्तर फ्रेंच गणितज्ञ पॉइसनच्या 1837 च्या पुस्तकातून येतं. घटना दुर्मीळ असतील आणि एकीचा दुसरीशी संबंध नसेल, तर नुसत्या सरासरीवरून अंदाज बांधता येतो. 1898 मध्ये बोर्टकिविचने प्रशियाच्या घोडदळाचा हिशोब मांडला. 10 दलं, 20 वर्षं, म्हणजे 200 नोंदी; घोड्याच्या लाथेने मेलेले सैनिक 122. सूत्रानुसार सुमारे 109 नोंदींत एकही मृत्यू नसायला हवा. प्रत्यक्षातही 109 च निघाल्या.

मोटारविम्याला हे बऱ्यापैकी लागू पडतं. पुण्यात एकाची गाडी ठोकली म्हणून नागपुरात दुसऱ्याची ठोकत नाही.

आता कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याला, येडेश्वरीच्या गावाला या. समजा, तिथे सोयाबीनचे 1000 विमेदार आहेत आणि दरवर्षी सरासरी 100 दावे येतात. पॉइसनच्या हिशोबाने जवळपास प्रत्येक वर्षी आकडा 70 ते 130 च्या मध्ये राहील. पण ऑगस्टात पावसाने दडी मारली तर ती एकाच शेतापुरती मारत नाही. नऊ वर्षं शून्य आणि दहाव्या वर्षी 1000 दावे, तरी सरासरी 100 च! पॉइसनवर विसंबून ठेवलेली गंगाजळी त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात आटेल.

पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर इथे महत्त्वाचे ठरतात. 1955 मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात त्यांनी पॉइसन वितरणाची सुधारित रूपं मांडली होती. एका गर्भधारणेनंतर काही काळ दुसरी होऊ शकत नाही. अशा, एकमेकींत अडकलेल्या घटना कशा मोजायच्या, हा तिथला प्रश्न. पुढे 1976 मध्ये पीकविम्यावर लिहिताना त्यांनी एकेका शेतकऱ्याऐवजी अख्खा परिसर हेच एकक धरायला सांगितलं. परिसराचं सरासरी उत्पन्न घटलं, तर सगळ्यांना सारख्या दराने भरपाई. शेतोशेती पंचनामा नको, आणि पीक मुद्दाम दुर्लक्षून कुणाला फायदाही नाही. 1979 ची प्रायोगिक योजना, 1985 ची देशव्यापी योजना आणि 2016 ची पंतप्रधान पीकविमा योजना याच पायावर उभ्या राहिल्या.

पण सरासरीत एकट्याचं नुकसान बुडतं. म्हणून 2016 च्या योजनेत स्थानिक आपत्तीची सोय होती: 72 तासांत कळवा, तुमच्या शेताची वेगळी पाहणी होईल. खरीप 2025 पासून महाराष्ट्राने ती काढली. त्या हंगामात फक्त मंडळाचं उत्पन्न बघितलं गेलं. एका रात्रीच्या पावसात ओढ्याकाठचं शेत खरडून गेलं, पण मंडळ उंबरठा उत्पन्नाच्या वर राहिलं, तर अशा नियमात त्या शेतकऱ्याला विम्यातून छदामही मिळत नाही. परिसर हे एकक दुष्काळासाठी योग्यच आहे. ओढ्याच्या पुराला वेगळं एकक लागतं, आणि खरीप 2025 मध्ये ते महाराष्ट्रातल्या योजनेत नव्हतं.