धावणाऱ्या मुलींचं असंच असतं?

कांपालच्या मैदानावर संध्याकाळी फिरायला जायची माझी जुनी सवय. एकदा बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांची मुलगी सोळा वर्षांची, लांब पल्ल्याचं धावणारी. बोलता बोलता त्यांनी आवाज खाली आणला. "पाच महिने झाले, बायला पाळीच आली नाही. सर म्हणतात, धावणाऱ्या मुलींचं असंच असतं." मग थोडं थांबून, "खरं सांगू? तिला बरंच वाटतं. कटकट नाही."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण माझ्या आजीच्या तोंडी नेमकं उलटं वाक्य असायचं. कावळा शिवला की कोपऱ्यात बसायचं. धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, नाहीतर पुढे मूल व्हायला त्रास होतो. आजी म्हणायची धावू नको, पाळी बिघडेल. सर म्हणतात धाव, पाळी बिघडली तरी चालेल. या दोन वाक्यांच्या मध्ये दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मोठा मजेशीर आहे.

आपल्याला वाटतं, हे असले समज आपल्याच अडाणी आज्यांचे. तसं मुळीच नाही. 1873 साली बोस्टनच्या एडवर्ड क्लार्क या नामवंत डॉक्टराने एक पुस्तक लिहिलं. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत प्राध्यापक राहिलेला हा माणूस. त्याचं म्हणणं असं, की वयात येणाऱ्या मुलींनी मुलांसारखा नेटाने अभ्यास केला, तर शरीराची शक्ती मेंदूकडे जाते आणि गर्भाशय दुबळं राहतं. धावणं दूरच राहिलं, नुसत्या पुस्तकांनीच पाळी बिघडते म्हणे! पुस्तक हातोहात खपलं.

त्याला उत्तर दिलं मेरी पटनम जेकोबी या डॉक्टरीणबाईंनी. हार्वर्डच्याच बॉयल्स्टन पारितोषिकासाठी त्यांनी निनावी निबंध पाठवला आणि 1876 साली ते पारितोषिक पटकावलं. प्रश्नावली पाठवून 268 बायकांच्या उत्तरांमधून त्यांनी माहिती गोळा केली. नाडीची आणि स्नायूंच्या ताकदीची मोजमापं घेतली. निष्कर्ष असा, की पाळीच्या दिवसांत सक्तीच्या विश्रांतीची गरज नाही. मात्र त्यांनी एक अट घातली होती: बाईचं पोषण व्यवस्थित असलं पाहिजे. वाचकहो, ही अट लक्षात ठेवा. पुढे शंभर वर्षं ती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

कारण भीती काही गेली नाही. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एकही स्त्री नव्हती. 1928 साली अॅमस्टरडॅमला स्त्रियांची 800 मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीची लीना राडके विश्वविक्रम करून जिंकली. अंतिम फेरीतल्या नऊही जणींनी शर्यत पुरी केली. पण वर्तमानपत्रांनी छापलं, की बायका पटापट कोसळल्या! शर्यतीनंतर धापा टाकत आडवे पडणारे पुरुष कुणाला दिसले नाहीत. ती शर्यत बंद झाली, ती थेट 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये परत आली.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं ते त्याच सुमारास, 1927 मध्ये. शरीराविषयी उघडपणे मराठीत लिहिलं, म्हणून त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. 1952 साली हेलसिंकीला भारताच्या चार मुली गेल्या, त्यांत वांद्र्याची मेरी डिसोझा 100 आणि 200 मीटर धावली. आणि 1967 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत असताना एका पदाधिकाऱ्याने तिला ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. एवढं धावलं तर गर्भाशय गळून पडेल असं लोक सांगायचे, ही आठवण तिनेच पुढे सांगितली आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला 1984 उजाडलं.

गर्भाशय काही गळून पडलं नाही. पण मुली शेकड्यांनी धावू लागल्या, तशी दुसरी गोष्ट दिसू लागली. बऱ्याच जणींची पाळी थांबत होती. 1974 साली रोझ फ्रिश आणि जेनेट मॅकआर्थर यांनी मांडलं, की पाळी चालू राहायला शरीरात ठरावीक चरबी लागते. मग काय, अंगावर चरबी नाही म्हणून पाळी नाही, एवढंच ना! काही प्रशिक्षकांना तर ते सराव उत्तम चालल्याचं लक्षण वाटू लागलं.

1984 साली बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी त्या समजाला धक्का दिला. पाळी थांबलेल्या खेळाडूंच्या कण्याची हाडं त्यांनी मोजली. पंचविशीच्या आसपासच्या त्या मुलींची हाडं पन्नाशीच्या बाईइतकी विरळ निघाली.

पुढचं कोडं अॅन लाउक्स यांनी सोडवलं. काही बायकांना त्यांनी भरपूर व्यायाम करायला लावला, पण खर्च झालेली ऊर्जा अन्नातून भरून दिली. त्यांचे संप्रेरकांचे ठोके बिघडले नाहीत. बिघडले ते अन्न कमी पडलेल्यांचे. म्हणजे दोष व्यायामाचा नव्हता, रिकाम्या पोटाचा होता. व्यायामाचा खर्च वजा केल्यावर शरीराच्या चरबीविरहित वजनातल्या दर किलोमागे साधारण 45 कॅलरी उरल्या तर ठीक. 30 च्या खाली गेल्या की मेंदू आधी अंडाशयाचं काम आवरतं घेतो. (हा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, तो माणसागणिक बदलतो.) पन्नास किलोच्या मुलीचं चरबीविरहित वजन चाळीस किलो धरलं आणि तिने धावण्यात 500 कॅलरी खर्च केल्या, तर तिला 2300 हव्यात. वाढत्या वयात त्याहूनही जास्त. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं, आणि हाडं भरायच्या वयातच हाडं रिकामी होतात.

म्हणजे जेकोबीबाईंची अट खरी ठरली! 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही हा ऊर्जेच्या तुटीचाच आजार मानला, आणि तो पुरुषांनाही होतो हेही सांगितलं. 2019 साली अमेरिकेच्या मेरी केनने जाहीरपणे सांगितलं, की वजन कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली.

बोलणं हळूहळू सुरू झालं आहे. 2016 साली चीनची जलतरणपटू फू युआनहुई, 2024 साली पॅरिसला आपली मीराबाई चानू, दोघींनीही आपल्याला पाळी आली होती हे सहज सांगून टाकलं. मीराबाईचं कांस्य एका किलोने हुकलं. पी. टी. उषाने 1984 च्या लॉस एंजेलिसची आठवण सांगितली, ती आपल्या गोव्यात तर लगेच कळते: तिथे तिच्या वाट्याला आली पेज आणि लोणचं. शेवटच्या टप्प्यात शक्ती कमी पडली असं ती म्हणते. पदक गेलं एक शतांश सेकंदाने.

असो. त्या बाईंना मी एवढंच म्हटलं, की सलग तीन महिने पाळी चुकली तर डॉक्टरांना दाखवावंच. धावणं हे कारण असेलही, थायरॉइडसारखं दुसरंही काही असेल. ते तपासल्याशिवाय कळत नाही. दोन आठवड्यांनी त्या पुन्हा भेटल्या. रक्त तपासायला दिलं होतं. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "बाय, तू सकाळी काय खाऊन धावतेस?"

उत्तर होतं, अर्धा कप चहा.