मराठी ख्रिस्ती उपासनेतील मतभेद : संघर्ष, विभक्ती आणि सहमती

वेगवेगळ्या पंथपरंपरांतील ख्रिस्ती माणसे उन्हाळी शिबिरासाठी, मेळाव्यासाठी किंवा आश्रमनिवासासाठी एकत्र येतात, तेव्हा पहिला मतभेद बहुधा सिद्धान्तावरून होत नाही. सकाळची प्रार्थना बसून करावी की उभ्याने, गीत भजनाच्या चालीवर म्हणावे की पाश्चात्त्य सुरावटीवर, बाप्तिस्मा बालकाला द्यावा की केवळ श्रद्धा प्रकट करणाऱ्या प्रौढाला, असे प्रश्न आधी पुढे येतात. हे मतभेद किरकोळ मानले जातात. परंतु उपासनेचे रूप हे समूहाच्या स्मृतीचे रूप असते आणि त्यामुळे ते सोडवण्याची रीत त्या समूहाचे भवितव्य ठरवते. मराठी ख्रिस्ती समाजाच्या चार शतकांच्या इतिहासात अशा रीतींचे भिन्न नमुने आढळतात.

पहिला नमुना आदेशाचा आहे. गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवीचा आणि पुराणरचनेचा स्वीकार केला. नव्या धर्माला जुन्या वाङ्मयरूपातून बोलते करण्याचा तो प्रयत्न होता. मात्र पुढील काळात धर्मसत्तेने वेगळी दिशा घेतली. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या आज्ञापत्राने लग्नविधीतील रूढी, तुळस, पोशाख व आहार यांतील अनेक देशी प्रघात ख्रिस्ती कुटुंबांना निषिद्ध ठरवले. या संपूर्ण निषेधाचा फोलपणा पुढे चर्चच्याच निर्णयांतून स्पष्ट झाला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, २५ एप्रिल १९६९ रोजी, रोमने भारतीय उपासनेसाठी बारा मुद्द्यांना मान्यता दिली. जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, अंजली, पंचांग प्रणाम, समई, उदबत्ती आणि आरती यांना त्यामुळे मिस्सेत स्थान मिळाले. परंतु अनुमतीनेही वाद मिटला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ‘हे आपले नव्हे’ असे शिकवल्या गेलेल्या भाविकांपैकी काहींनी आरतीला विरोध केला. आदेशाने जे तोडले जाते ते दुसऱ्या आदेशाने आपोआप जोडले जात नाही, असा याचा अर्थ घेता येतो.

दुसरा नमुना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरातील अमेरिकन मराठी मिशनचा. येथे प्रश्न प्रामुख्याने गायनाचा होता. इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे मूळ चालींवर म्हटली जात असत. इंग्रजी पद्य आघातावर उभे असते, तर मराठी पद्य अक्षरसंख्या व लघुगुरुमात्रा यांवर. परिणामी चालीचा ठोका नको त्या अक्षरावर पडून अर्थ विस्कटत असे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाचा अवलंब केला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांना ख्रिस्ती आशयाचे समर्थ वाहन बनवले. येथे बदल हुकुमाने झाला नाही. जुनी स्तोत्रे काढून टाकली गेली नाहीत. त्यांच्या शेजारी नवी भजने आली आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात दोहोंना स्थान मिळाले.

तथापि या यशोगाथेची दुसरी बाजू दुर्लक्षित करता येत नाही. टिळक चित्पावन ब्राह्मण कुळातून आले होते. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांमधील बहुसंख्य सभासद मात्र महार व मांग समाजांतील होते. हलगी वा डफ वाजवणे हे ज्यांच्यावर गावकीने लादलेले काम होते, त्यांना ‘देशी वाद्यांनी उपासना करा’ हा आग्रह मुक्तीचा वाटेलच असे नाही. पाश्चात्त्य स्तोत्राविषयीचे त्यांचे प्रेम केवळ अनुकरणातून आले होते असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. गावकीबाहेरच्या प्रतिष्ठेची ती खूणही असू शकत होती. १९८१ साली बंगळूर येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानात अरविंद निर्मळ यांनी भारतीय ख्रिस्ती चिंतनातील उच्चवर्णीय प्रभावावर बोट ठेवले, तेव्हा हा प्रश्न सैद्धान्तिक पातळीवर स्पष्टपणे मांडला गेला. ‘देशी’ म्हणजे कोणाचे देशी, हे न विचारता केलेला समेट एका गटाची रुची दुसऱ्यावर लादू शकतो.

तिसरा नमुना विभक्तीचा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची सवेतन सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावावेत, ही त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने तिची पुरती कसोटी लागली नाही. टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली अहमदनगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू केला. पुढे पुण्यात त्याचा आश्रम उभा राहिला. भारतीय व युरोपीय सभासदांनी जमिनीवर बसून, खादी नेसून, समान नियमाने राहावे हा तेथील प्रघात होता. परंतु संघ कठोर संन्यस्त व्रताचा असावा की विवाहितांनाही सामावणारा सैल बंधुभाव असावा, यावर एकमत झाले नाही आणि १९३४ साली ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ वेगळा झाला. हा वाद उपासनापद्धतीपुरता नव्हता, जीवनपद्धतीचा होता. तरी विभक्तीने परंपरा संपली नाही. १९७२ मध्ये पुण्याचा आश्रम अँग्लिकन व रोमन कॅथलिक भगिनींनी एकत्र येऊन पुन्हा सुरू केला. एका वेदीवरील प्रभुभोजनाबाबत दोन्ही चर्चचे नियम भिन्न असतानाही रोजचे सहजीवन व प्रार्थना शक्य ठरली.

चौथा नमुना सहमतीचा असून तो नागपूरशी निगडित आहे. उत्तर भारतातील चर्चच्या ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ साली लखनौ येथे सुरू झाल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. बाप्तिस्म्याचा प्रश्न यात सर्वांत अवघड होता. बाप्टिस्टांच्या मते श्रद्धा प्रकट केल्यावाचून बाप्तिस्मा नाही. अँग्लिकनांच्या मते बालकाचा बाप्तिस्मा पूर्ण व वैध. दोन्ही पद्धतींना पर्याय म्हणून मान्यता देण्यात आली. सद्‌सद्विवेकाने बालकाचा बाप्तिस्मा देऊ न शकणाऱ्या पाळकाच्या जागी दुसऱ्या पाळकाने तो विधी करावा अशी तजवीज झाली. आणि मंडळ्यांना आपापले पूर्वीचे उपासनाक्रम चालू ठेवण्याची मुभा राहिली. याची किंमतही होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ बोलणी चालली आणि बोलण्यांत सहभागी असलेले दक्षिण आशियातील मेथॉडिस्ट चर्च अखेरीस बाहेर राहिले.

या चार नमुन्यांची तुलना केली असता एक गोष्ट लक्षात येते. सहमती तेथे टिकली, जेथे दोन बाबी वेगळ्या केल्या गेल्या : सर्वांनी मिळून काय करावयाचे, आणि कोणावर काय लादावयाचे नाही. नागपूरच्या तडजोडीत दुसरी बाब लिहून ठेवली गेली, हे तिचे वैशिष्ट्य होय. नगरच्या गीतसंग्रहात ती लिहिली नव्हती, पण व्यवहारात पाळली गेली. मात्र निवड कोणाच्या रुचीने झाली हा प्रश्न तेथे उघड विचारला गेला नाही. गोव्यात ती मुळीच नव्हती.

आजच्या मिश्र शिबिरांत गिटार आणि पेटी यांच्यातील वाद, किंवा उत्स्फूर्त प्रार्थना आणि छापील उपासनाक्रम यांच्यातील वाद, याच इतिहासाचा पुढील टप्पा होय. त्यांचा निर्णय संयोजकांच्या आवडीवर किंवा केवळ बहुमतावर सोपवल्यास अल्पसंख्य परंपरेतील मुले गप्प बसतात आणि पुढील वर्षी येत नाहीत. कार्यक्रम ठरवण्यापूर्वीच प्रत्येक मंडळीला विचारणे, समान उपासना थोडक्यात ठेवणे, आणि एखाद्या विधीत सहभागी न होणाऱ्यास त्याचे कारण द्यावे न लागणे, एवढी पथ्ये पाळली तरी मराठी ख्रिस्ती इतिहासाने दिलेला धडा पुष्कळ अंशी उपयोगात आणला असे म्हणता येईल.