‘ड्रामाटुर्ग’ : एका हुद्द्याची कुळकथा

जर्मन नाटकगृहांत ‘ड्रामाटुर्ग’ नावाचा पगारी हुद्दा असतो. कोणते नाटक घ्यायचे, अनुवाद कोणता निवडायचा, कात्री कुठे लावायची, हे तो पाहतो. नाटक लिहिणे हे त्याचे काम नव्हे. ग्रीकमध्ये मात्र या शब्दाचा मूळ अर्थ नाटककार असाच होता आणि फ्रेंचने तो आजही सोडलेला नाही. जर्मनमध्ये अर्थ फिरला तो गोटहोल्ड एफ्राइम लेसिंग (१७२९–१७८१) या नाटककारामुळेच.

१७६७ मध्ये हॅम्बुर्गमधल्या काही व्यापाऱ्यांनी पैसे घालून ‘राष्ट्रीय’ नाटकगृह उभे केले. त्यांना लेसिंग हवा होता तो नव्या नाटकांचा पुरवठा करायला. आपला हात सावकाश चालतो, हे ओळखून त्याने नकार दिला. मग वर्षाला ८०० थालेरवर सल्लागार आणि समीक्षक म्हणून त्याला ठेवून घेण्यात आले. प्रयोगांवर त्याने आठवड्यातून दोनदा पत्रिका काढायची होती.

पत्रिकेसाठी आधी ‘डिडास्कालिया’ हे नाव त्याच्या मनात होते. प्राचीन ग्रीसमधल्या प्रयोगांच्या नोंदींना हा शब्द वापरत. तो कानाला फार परका वाटला, म्हणून ‘ड्रामाटुर्गी’ आले. हा शब्दही उसनाच. लेओने अल्लाची या विद्वानाने १६६६ मध्ये इटालियन नाटकांची जंत्री याच नावाने छापली होती. लेसिंगने शेवटच्या अंकात हे सारे सांगितले आणि आपल्या ‘ड्रामाटुर्गी’त काय घालायचे हे अल्लाची ठरवणार नाही, असेही बजावले.

नटांना टीका झोंबली, तेव्हा साधारण पंचविसाव्या अंकानंतर अभिनयाचा विषयच बंद झाला. त्याची जागा ॲरिस्टॉटल, शेक्सपिअर आणि फ्रेंच शोकांतिकेवरच्या हल्ल्यांनी घेतली. पत्रिका आज वाचली जाते ती या भागासाठी. १०४ अंक निघाले, पण परीक्षण २८ जुलै १७६७ च्या प्रयोगापुढे सरकले नाही. त्यामुळे ३० सप्टेंबरला याच रंगमंचावर पहिल्यांदा आलेली लेसिंगची ‘मिना फॉन बार्नहेल्म’ त्यात आलीच नाही. सप्तवार्षिक युद्धानंतर सैन्यातून काढून टाकलेला, मानापायी लग्न मोडायला निघालेला मेजर आणि त्याला वठणीवर आणणारी मिना यांची ही सुखात्मिका जर्मन रंगभूमीवर अजून होते. नाटकगृहाला मात्र १७६९ मध्ये टाळे लागले.

पत्रिकेचे नाव पुढे कामाला चिकटले. १८२५ पासून लुडविग टीक ड्रेस्डेनच्या दरबारी नाटकगृहात ड्रामाटुर्ग होता. विसाव्या शतकात बेर्टोल्ट ब्रेख्तनेही म्युनिक आणि बर्लिनमध्ये ही नोकरी केली, नाटके लिहीत लिहीतच.