तंजावरच्या भातगाडीचा कॅमशाफ्ट

कावेरीचा त्रिभुज प्रदेश सपाट. सांबा हंगामाचे भात निघाले की ट्रक पोत्यांनी शिगोशीग भरून कालव्याकाठच्या अरुंद रस्त्यांनी रखडत निघतात. घाट नाही, वेगही नाही. इंजिनाला हवा असतो तो कमी फेऱ्यांवरचा जोर. ओव्हरहॉलच्या वेळी ‘पिकअप वाढवणारा’ कॅमशाफ्ट घ्यावा का, याचे उत्तर इथूनच सुरू होते.

कॅमशाफ्टच्या तपशिलात लोक आधी लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, पाहतात. माझ्या मते आधी पाहावा तो इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याचा अंश. टाटा 697 हे डिझेल इंजिन घ्या: सहा सिलिंडर, 97 मिमी बोअर, 128 मिमी स्ट्रोक, टर्बो नाही. दाबप्रमाण 17 आणि कनेक्टिंग रॉड क्रँकच्या त्रिज्येच्या साडेतीन पट धरू. पिस्टन तळाला पोचल्यावर 30 अंशांनी व्हॉल्व्ह मिटला तर पिस्टन सुमारे 6 मिमी वर आलेला असतो. प्रत्यक्ष दाबप्रमाण 16.2 उरते. हाच अंश 50 केला की पिस्टन साडेसतरा मिमी चढलेला असतो आणि प्रमाण 14.8 वर येते. जास्त फेऱ्यांवर हवेचा वेगच सिलिंडर भरतो, त्यामुळे ही उशिराची मिटणी तिथे फायद्याची. मंद चालीत मात्र आत आलेली हवा उलटी इनटेकमध्ये ढकलली जाते. गाडी सकाळी पांढरा धूर सोडत कुरकुरते आणि भरल्या वजनाने उचलत नाही. शर्यतीच्या पेट्रोल इंजिनांचे शहाणपण इथे अंगाशी येते.

लिफ्टचेही तसेच. डिझेलमध्ये पिस्टन हेडला जवळजवळ भिडतो. ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असताना, व्हॉल्व्ह जास्त उघडा राहिला तर पिस्टनवर आदळेल. म्हणून कंपनीच्या मूळ प्रोफाइलचाच भाग घ्यावा.

मग निवड उरते धातूची. सोलापुरात 1992 मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ओतीव लोखंडाचे कॅमशाफ्ट बनवते. ‘चिल्ड’ ओतकामात लोबचा, म्हणजे कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याचा, पृष्ठभाग झटकन थंड करून कठीण केला जातो. पण लोब कितीही कठीण असला तरी त्याची जोडी त्यावर टेकून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटशी जमली पाहिजे. सरकत्या टॅपेटच्या इंजिनात टॅपेटचे तोंड किंचित फुगीर आणि लोब किंचित उतरता असतो. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरतो आणि झीज एकाच जागी होत नाही.

जुना टॅपेट पुसून त्याच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरावी. ती मध्यावर टेकून डुलली तर फुगवटा शाबूत आहे. कडांवर टेकून मधून उजेड दिसला तर तोंड खोलगट झाले आहे. असा टॅपेट नव्या कॅमशाफ्टचे लोब थोड्याच दिवसांत खातो. जुना टॅपेट शाबूत दिसला तरी मी संच नवाच घालतो.